कृष्णधवल पडद्याला रंग देणारा चितारी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात उधवा हे गाव आहे. गुजरातची आणि दादरा-नगर हवेलीची हद्द येथून फार दूर नाही. हा सारा मुलूख वारली वस्तीचा. शेणाने सारवलेल्या आणि गेरूने लिंपलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग घेऊन काढलेली चित्रे हे या मुलखाचे जगभर ठाऊक झालेले वैभव. लग्नघरी सवाशिणी देवचौक लिहितात, तोही याच पांढऱ्या रंगाने. खाली मातीचा रंग, वर पिठाचा. तिसऱ्याची गरज तेथे कधी भासली नाही. २०१८ मध्ये निवर्तलेल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणून परदेशांतल्या दालनांपर्यंत नेली, परंतु ही दोन रंगांची शिस्त त्यांनी मोडली नाही. आता साड्यांवर, पिशव्यांवर, चहाच्या पेल्यांवर वारली माणसे लाल, हिरवी, निळी होऊन नाचू लागली आहेत. ज्याची ओळखच दोन रंगांची आहे, त्याला आणखी रंग द्यायचा झाल्यास तो कोठे द्यावा आणि किती द्यावा, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरात, एका चिताऱ्यापुढे तो वेगळ्या रूपाने उभा राहिला होता. त्याच्या हाती आलेली कला कृष्णधवल होती. रंगांवर त्याचे विलक्षण प्रभुत्व होते आणि ज्या माध्यमाला त्याने आयुष्य वाहिले, त्या माध्यमाला रंग ठाऊकच नव्हता. या पेचातून त्याने जी वाट काढली, तिच्यामुळे भारतीय चित्रपटाचा बाह्य चेहरा कायमचा बदलला. तो चितारी म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव यांचा सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम अशा अनेक कामांत हात होता. लाकूड, लोखंड, माती आणि रंग यांच्या सहवासातच मुलाची बोटे तयार झाली. शालेय शिक्षण बेताचेच. चित्रकलेचे म्हणून रीतसर शिक्षण तर त्यांनी कोठे घेतलेच नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांचा तो काळ असताना हा मुलगा घरच्या कारखान्यात, पाहून पाहून आणि करून करून शिकला. चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री हे त्याचे वडीलधारे सोबती आणि खऱ्या अर्थाने गुरू. या दोघा भावांची जोडी पुढे साऱ्या पश्चिम भारतात गाजली.

ती गाजली नाटकांच्या पडद्यांमुळे. संगीत रंगभूमीचा तो बहराचा काळ. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देवालय अशी दृश्ये रंगवलेले भव्य पडदे हे त्या काळच्या नाटकमंडळ्यांचे भूषण असे. पडदा वर गेला आणि आतले दृश्य दिसले की प्रेक्षागृहातून टाळी यायची, ती नटाच्या आधी चिताऱ्याला मिळे. सुमारे १९१० पासून पुढे सहा वर्षे आनंदराव आणि बाबूराव यांनी केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’सारख्या मराठी मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले. सपाट कापडावर खोली भासवणे, दिव्याच्या पिवळ्या उजेडात कोणता रंग उठून दिसेल आणि कोणता मरून जाईल हे आधीच ओळखणे, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही चित्र कळेल एवढा त्याचा आकार ठेवणे, ही सारी विद्या त्यांनी या पडद्यांवर आत्मसात केली. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव झाले ते याच दिवसांत.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना चित्रपटाने झपाटले. हलणारे चित्र ही कल्पनाच चिताऱ्याला वेड लावणारी. त्यांनी आधी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. परंतु दुसऱ्यांनी केलेली चित्रे दाखवण्यात त्यांचे मन रमणे शक्य नव्हते. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशांतून मागवावा लागे, किंमत आवाक्याबाहेरची आणि महायुद्धाचे दिवस. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनवायचा, असे या कारागीर घराण्यातल्या पोरांनी ठरवले. त्याचे सुटे भाग, दाते, चक्रे घडवण्याची खटपट सुरू झाली. काम अर्धवट असतानाच, १९१६ मध्ये, आनंदराव अकाली वारले.

बाबूरावांच्या आयुष्यातला हा पहिला मोठा आघात. ज्याच्या बोटाला धरून ते चित्रकलेत आले, ज्याच्यासोबत कॅमेऱ्याचे स्वप्न पाहिले, तोच मध्येच गेला. त्यांनी हाय खाल्ली नाही. यंत्रविद्येत जात्याच तरबेज असलेले विष्णुपंत दामले त्यांच्या मदतीला आले आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला. कोल्हापुरात बनलेल्या त्या स्वदेशी कॅमेऱ्याची कथा आजही तेथे अभिमानाने सांगितली जाते आणि खरी कॉर्नरजवळचे कॅमेऱ्याचे स्मारक तिची साक्ष देते. दामल्यांसोबत एस. फत्तेलाल हे चित्रकारही बाबूरावांच्या पंखाखाली आले. भांडवलाची अडचण होती. ती गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या पैशाने दूर झाली. राजर्षी शाहू महाराजांचा कलावंतांना असलेला आश्रय बाबूरावांनाही लाभला. अशा रीतीने १९१७-१८ च्या त्या दिवसांत ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

पहिला प्रयत्न सीतास्वयंवराचा होता. तो तडीस गेला नाही, कारण चित्रपटात काम करायला स्त्रिया मिळेनात. फाळक्यांच्या चित्रात तारामती पुरुषाने उभी केली होती. बाबूरावांच्या चित्रकाराच्या डोळ्याला ते मानवेना. पुढे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी धैर्याने पुढे आल्या. कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी त्या पडद्यावर आल्या आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. भीमाने केलेला कीचकवध बाबूरावांनी इतक्या हुबेहूबपणे चित्रित केला होता की प्रेक्षक हादरले आणि त्या दृश्यावर सरकारी आक्षेपही आला. लोकमान्य टिळकांनी तो चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. एका अर्थाने मराठी चित्रपटाला त्यांनी दिलेला हा शेवटचा आशीर्वाद ठरला.

येथे त्या काळच्या फिल्मबद्दल थोडे सांगणे अगत्याचे आहे. आजच्या वाचकाला कृष्णधवल चित्र म्हणजे रंग वजा केलेले चित्र वाटते. मूकपटांच्या आरंभीच्या काळातली फिल्म इतकी सरळ नव्हती. तिला निळा रंग फार लवकर कळे आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. निळे आकाश पडद्यावर पांढरे फटक दिसे. कुंकू, लाल शालू, रंगवलेले ओठ काळे पडत. भगव्या झेंड्यासारखा तांबूस रंगही काळपटच उमटे. म्हणजे शिवकाल दाखवायचा आणि भगवा काळवंडलेला दिसायचा! पडदे रंगवताना प्रत्येक छटेचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या फिल्मने केवढे अस्वस्थ केले असेल, याची कल्पना करता येते. फितीचा तुकडाच्या तुकडा एका रंगात बुडवून रात्रीला निळा, आगीला तांबडा असा आभास आणण्याची युक्ती त्या काळी जगभर चालत असे. तो सारा पडदा एकाच रंगाने माखण्याचा प्रकार होता. चिताऱ्याला अभिप्रेत असलेले रंग ते नव्हेत.

बाबूरावांनी या मर्यादेशी भांडण मांडले नाही. पडद्यावर जे कृष्णधवल आहे, ते उत्तम कृष्णधवल व्हावे यासाठी त्यांनी कष्ट घेतले. रंगवलेल्या सपाट पडद्यांसमोर नट उभे करण्याची नाटकी पद्धत त्यांनी, म्हणजे त्याच पडद्यांवर नाव कमावलेल्या माणसाने, टाकून दिली आणि लांबी, रुंदी, खोली असलेले खरेखुरे देखावे बांधले. चित्रीकरणापूर्वी ते वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची, दृश्यांच्या मांडणीची रेखाटने काढीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करून त्यांनी उजेड आणि काळोख यांचाच रंगासारखा उपयोग केला. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. मुंबईत त्याला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदवले जाते.

आणि रंग? तो त्यांनी पडद्याबाहेर आणला.

त्यापूर्वी चित्रपटाची जाहिरात म्हणजे शब्दांचा पसारा असे. वर्तमानपत्रांतली चौकट, गावात टांग्यातून वाजतगाजत वाटलेली हस्तपत्रके आणि त्यांवर छायाचित्रांची संख्या, फितीची लांबी, तिकिटांचे दर. फाळक्यांच्या जाहिराती चित्रे किती हजार आणि फीत किती मैल याचे आकडे सांगून लोकांचे कुतूहल चाळवीत. नवलाईच्या काळात ते पुरेसे होते. जेव्हा एकाहून अधिक कंपन्या पौराणिक कथा घेऊन बाजारात उतरल्या, तेव्हा या कंपनीचे चित्र आणि त्या कंपनीचे चित्र यांतला भेद प्रेक्षकाला दाराबाहेरच कळणे आवश्यक झाले. बाबूरावांना प्रसिद्धीचे हे मर्म फार लवकर उमगले. कथेची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याचा पायंडा त्यांनी पाडला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतःच्या हाताने रंगवू लागले.

यातले नावीन्य आज चटकन ध्यानात येत नाही, कारण पोस्टर आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या काळच्या सामान्य माणसाच्या घरात रंगीत चित्र म्हणजे देवादिकांची छापील तसबीर. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने, आधी मुंबईत आणि नंतर मळवलीला, शिळाछापावर एकेका रंगाचा थर चढवून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचवल्या होत्या. डोळ्यांना रंगीत देवांची सवय झाली होती. तोच प्रेक्षक चित्रपटगृहात जाऊन करड्या सावल्यांतले देव पाहत होता. या दोहोंमधली फट बाबूरावांच्या पोस्टराने सांधली. भिंतीवरचे रंग डोळ्यांत साठवून प्रेक्षक अंधारात बसे आणि पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या आकृतींवर ते रंग मनानेच चढवी. काळा दिसणारा शालू कोणत्या रंगाचा आहे, हे त्याला दारातच कळलेले असे.

अशा रीतीने कोल्हापूरच्या एका कंपनीला रंगांची ओळख मिळाली. तिचा माल कृष्णधवलच राहिला. त्यात ओढूनताणून रंग कालवला गेला नाही. जेथे प्रेक्षकाची आणि चित्रपटाची पहिली भेट होते, तेथेच रंग आला. आणि तो वाटेल त्या कारागिराच्या हातचा भडक रंग नव्हता. ज्या माणसाने चित्रपट कल्पिला, त्यातले देखावे आखले, पात्रांचे वेष ठरवले, त्याच माणसाची कुंचली पोस्टरावरही फिरत होती. आत जे मिळणार त्याचेच आश्वासन बाहेर असे. जाहिरात आणि माल यांत अंतर पडू न देण्याचा हा प्रामाणिकपणा हेच बाबूरावांच्या पोस्टरांचे खरे बळ होते.

१९२४ मध्ये आलेल्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर या दृष्टीने महत्त्वाचे. शिवरायांच्या माणसांनी हस्तगत केलेला कल्याणचा खजिना आणि सुभेदाराच्या सुनेला त्यांनी सन्मानाने परत पाठवल्याची लोकप्रसिद्ध कथा हा त्याचा विषय. म्हणजे कथाभूमी उत्तर कोकणचीच. बाबूरावांनी रंगवलेले हे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सचित्र पोस्टरांत गणले जाते. पुढच्या काळात पोस्टर रंगवणे हा एक मोठा व्यवसाय झाला. मकबूल फिदा हुसेन मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवीत होते, कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी या क्षेत्रात मोठे नाव मिळवले. यांपैकी प्रत्येकाची वाट वेगळी, तरी ज्या रस्त्यावरून ते गेले तो खोदला बाबूरावांनी.

१९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याचा होता. शेतकऱ्याची भूमिका केली होती शांताराम वणकुद्रे या कंपनीतल्या तरुणाने; तेच पुढचे व्ही. शांताराम. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. मंद उजेडातली एक मोडकी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे, एवढ्यावर बाबूरावांनी दारिद्र्याचे चित्र उभे केले. भारतीय चित्रपटातल्या वास्तववादाचा आरंभ जाणकार येथून मानतात. प्रेक्षकांनी मात्र तेव्हा त्याकडे पाठ फिरवली. भरजरी पोशाख आणि दैवी लीला यांना सरावलेल्या डोळ्यांना स्वतःच्याच घरातला अंधार पडद्यावर पाहायचा नव्हता. या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या काळ्या रंगात होते आणि काळा रंग तिकीटबारीवर चालला नाही. रंगांनी प्रेक्षक जमवता येतो, याचा अनुभव असलेल्या माणसाने जाणूनबुजून हा काळोख निवडला, ही गोष्ट बाबूरावांच्या मनाचा मोठेपणा दाखवते. त्यानंतर ते बहुतांशी पौराणिक-ऐतिहासिक कथांकडेच वळले.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे उत्तरायुष्य खेदाचे आहे. बाबूराव मितभाषी, कलेत बुडालेले. हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन नव्हते. काम सावकाश आणि मनासारखे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्यांचा बाणा. कंपनीत नवी पिढी तयार झाली होती, तिला स्वतःचे काही करायचे होते. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. ज्यांना हाताला धरून शिकवले त्या शिष्यांनी शेजारीच नवे दुकान मांडले. दोन वर्षांत, १९३१ च्या सुमारास, महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार थंडावला. त्याच वर्षी ‘आलम आरा’ने चित्रपटाला वाचा दिली. बाबूरावांना बोलपटाबद्दल मनापासून भीती वाटत होती. इतक्या सायासाने घडवलेली दृश्याची भाषा शब्दांच्या गलबल्यात बुडून जाईल, असे त्यांचे मत होते. त्यांना बाजारातला बदल कळला नाही, असे म्हणणे सोपे आहे. आरंभीचे अनेक बोलपट कॅमेरा एका जागी खिळवून संवादांची आणि पदांची आतषबाजी करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, हे पटते.

‘प्रभात’ने पुढे जे केले ते गुरूच्या शिकवणीचेच फळ होते. बोधचिन्हाचेच पाहा. उषःकाली तुतारी फुंकणारी स्त्री, एवढे साधे ते चिन्ह; त्याला पडद्यावर रंगाची गरज पडली नाही, कारण आकृतीच इतकी ठसठशीत होती. परंतु याच शिष्यांना पडद्यावर रंग आणण्याचाही मोह झाला आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली कथा कोणती, तर ‘सैरंध्री’! गुरूने ज्या कथेपासून आरंभ केला, तीच कथा १९३३ मध्ये शांतारामबापूंनी रंगीत करायला घेतली. तिच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या. फळ निराशाजनक निघाले. रंग नैसर्गिक न वाटता भडक दिसले आणि मोठ्या खर्चाचा हा प्रयोग फसला. भारतात घडवलेला पहिला रंगीत चित्रपट म्हणून ‘किसान कन्या’चे नाव लागले, ते १९३७ मध्ये.

‘सैरंध्री’च्या या दोन आवृत्ती शेजारी ठेवल्या म्हणजे मोठा बोध होतो. १९२० च्या चित्रात रंग नव्हता, तरी कीचकवधाने प्रेक्षकाचा थरकाप झाला. १९३३ च्या चित्रात रंग होता, तंत्र जर्मन होते, आणि प्रेक्षकाला चित्रापेक्षा रंगच खुपला. तंत्र कच्चे होते हे खरेच, आणि साहसाबद्दल प्रभातकारांना मान द्यायलाच हवा. तरी रंग उपलब्ध झाला म्हणून तो लावायचा की चित्राला हवा म्हणून लावायचा, हा विवेक त्या प्रसंगाने शिकवला. शांतारामबापू तो शिकले. पुढची दोन दशके त्यांनी उत्तमोत्तम कृष्णधवल चित्रे दिली आणि तंत्र हाती येताच १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये आणून रंगांची उधळण केली.

बाबूराव बोलपटांच्या काळातही काम करीत राहिले. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती आणि १९३७ मध्ये ‘प्रतिभा’ हे चित्रपट केले. १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांचे आणि शांतारामबापूंचे नाव दिग्दर्शक म्हणून एकत्र घेऊन आला. गुरुशिष्यांची ती भेट तमाशापटांच्या नव्या लाटेला जन्म देणारी ठरली. पन्नाशीनंतरही चित्रपट त्यांच्या हातून होत होते. परंतु त्यांचे मन पुन्हा मूळ ठिकाणी, रंग आणि माती यांच्याकडे वळले होते. तैलचित्रे आणि शिल्पे यांत त्यांचा काळ जाऊ लागला. ‘जलवाहिनी’सारखी त्यांची चित्रे कोल्हापूरच्या कलापरंपरेचा मानबिंदू समजली जातात. एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत मजुरी शोधावी तसे निर्मात्यांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा आपल्या चित्रशाळेत उभे राहणे त्यांना अधिक मानवले असावे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. शिष्याचे टेक्निकलर चित्र पडद्यावर यायला अजून एक वर्ष होते.

दैवाची एक विचित्र लीला येथे सांगायला हवी. बाबूरावांचे बहुतेक सारे मूकपट आज नाहीत. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, पहिला ‘सावकारी पाश’ही नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म स्फोटक. जरा उष्णता लागली की पेट घ्यावा, नीट न ठेवल्यास चिकट होऊन कुजावी. शिवाय तिच्यातली चांदी काढण्यासाठी जुन्या फिती वितळवण्याचा व्यवहार सर्वत्र चाले. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे बाबूरावांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तोवर जे जायचे ते गेले होते. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांसारख्या चित्रांचे काही अंश तेवढे उरले. ज्या कृष्णधवल चित्रांसाठी बाबूरावांनी कॅमेरा घडवला, भाऊ गमावला, कंपनी उभारली आणि ती डोळ्यांदेखत मिटलेली पाहिली, ती चित्रे काळाने गिळली. आणि ती विकण्यासाठी भिंतीवर डकवलेला, पावसात भिजून जाणारा, दुसऱ्या खेळाच्या वेळी त्यावरच नवा चिकटवायचा असलेला रंगीत कागद मागे राहिला.

जे काम आनुषंगिक मानले, त्यावरच कलावंताचे नाव टिकावे, हे त्याच्या दृष्टीने सुखाचे की दुःखाचे? बाबूरावांना विचारता येत नाही. परंतु त्यांनी पोस्टराला कधी दुय्यम मानले नाही, असे त्यांच्या कामावरून दिसते. मानले असते, तर ते रंगवायला एखाद्या हाताखालच्या माणसाला बसवून ते मोकळे झाले असते. नाटकाचा पडदा, चित्रपटाचा देखावा, भिंतीवरचे पोस्टर, चित्रशाळेतले तैलचित्र यांत त्यांनी उच्चनीच धरला नाही. म्हणूनच आज त्यातले एखादे पोस्टर समोर आले, तर हरवलेल्या चित्रपटाबद्दल ते आपल्याशी विश्वासाने काही बोलते. जाहिरात खोटी असती, तर तिच्यावरून मूळ चित्राचा अदमास बांधणेही व्यर्थ ठरले असते.

उधव्याच्या बाजूला एखाद्या कुडावरचे पांढरे चित्र पाहताना म्हणूनच बाबूरावांची आठवण होते. ती चित्रे दोन रंगांतच पुरी आहेत, जसा ‘सावकारी पाश’ काळोखातच पुरा होता. त्यांना जगापुढे नेताना, विक्रीस मांडताना, त्यांच्याकडे चार पावले वळवण्यासाठी रंग लागणारच असेल, तर तो वेष्टनाला असावा, फलकाला असावा, दुकानाच्या दाराला असावा. आणि तोही त्या चित्रांची जात ओळखणाऱ्या हातांनी लावलेला असावा. आतल्या पांढऱ्या रेषेला हात लावण्याआधी शंभर वेळा विचार व्हावा. कोल्हापूरच्या त्या अबोल चिताऱ्याने हा विचार शंभर वर्षांपूर्वी, कोठेही व्याख्यान न देता, केवळ कुंचल्याने करून ठेवला आहे.